पर्यायी सभासद

गेल्या महिन्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. त्याच्या भागांतील पाणीपुरवठा मंडळावर गांवातर्फे 'पर्यायी सभासद' म्हणून त्याची निवड झाली होती. पत्रांत आनंदापेक्षां संकोचच अधिक दिसला. तो लिहितो, "गुरुजी, मूळ सभासद हजर असले म्हणजे तेथें माझें कांहीं काम नाहीं, आणि ते गैरहजर असले म्हणजे मला कांहीं ठाऊक नाहीं. मग मीं करावें तरी काय?" पत्र वाचून मला प्रथम हसूं आलें, आणि मागोमाग थोडी लाजहि वाटली. कारण हाच प्रश्न कांहीं वर्षांपूर्वीं मला स्वतःला पडावयास हवा होता. तो पडला नाहीं, आणि त्याचें प्रायश्चित्त मजऐवजीं एका सबंध गांवानें भोगलें. त्या विद्यार्थ्यास मीं जें उत्तर धाडलें, तेंच आज थोड्या विस्तारानें आपणांपुढें मांडणार आहें.

'पर्यायी सभासद' हा शब्द कानाला जड लागतो. लोक सरळ 'बदली' म्हणतात. मुंबईच्या कापडगिरण्या भरांत होत्या त्या काळीं कायमचा कामगार खाड्यावर असला, कीं त्याच्या जागीं जो उभा राही त्याला 'बदली' हेंच नांव होतें. शाळेंत बदली शिक्षक असतो, आणि क्रिकेटच्या मैदानावर बारावा गडी असतो. या बाराव्या गड्याचें उदाहरण विशेष बोधप्रद आहे. तो दुसऱ्याच्या जागीं चेंडू अडवूं शकतो, झेल घेऊं शकतो. परंतु साध्या बदली गड्याला फलंदाजी करतां येत नाहीं कीं गोलंदाजीहि करतां येत नाहीं. म्हणजे जागा भरून काढणें निराळें आणि त्या जागेचा सर्व अधिकार मिळणें निराळें, हा भेद खेळाच्या नियमांतसुद्धां मानलेला आहे.

आपल्या जुन्या राज्यव्यवस्थेंत यालाच 'मुतालिक' म्हणत. प्रधान मोहिमेवर गेला म्हणजे मागें त्याच्या दप्तराचें काम त्याचा मुतालिक पाही. काम मुतालिकाचें, पण अधिकार धन्याचा, असा तो प्रकार होता. आणि याहून मागें जावयाचें तर रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून नंदिग्रामांतून चौदा वर्षें कारभार पाहणारा भरत आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढें आहेच. तेव्हां कल्पना नवी नाहीं. नवें आहे तें एवढेंच, कीं आज हें काम राजाच्या भावाला किंवा प्रधानाच्या कारभाऱ्याला नव्हे, तर तुमच्या-माझ्यासारख्या साध्या नागरिकाला करावें लागतें.

पाणी, वीज, गांवोगांव जाणारी मोटार, सांडपाण्याची व्यवस्था या सेवांना सार्वजनिक उपयोगाच्या सेवा म्हणतात. त्यांचें वैशिष्ट्य असें, कीं त्यांत गिऱ्हाइकाला दुकान बदलण्याची सोय बहुधा नसते. भाजी महाग वाटली तर आपण पलीकडच्या गाड्यावर जातों. परंतु घरांत नळ एकच येतो आणि त्यामागें उभें असलेलें मंडळहि एकच असतें. म्हणून अशा सेवेचा कारभार ज्यांच्या हातीं, त्यांत वापरणाऱ्यांचा कोणी तरी माणूस असावा, हें तत्त्व पुढें आलें. मुंबईंत वीज व ट्रामगाड्या चालविणारी खासगी कंपनी १९४७ च्या ऑगस्टांत महानगरपालिकेनें आपल्या ताब्यांत घेतली, ती 'बेस्ट' या नांवानें आपण ओळखतों. सबंध देशासाठीं वीजपुरवठ्याचा कायदा १९४८ सालीं झाला आणि त्याखालीं राज्याराज्यांतून वीज मंडळें स्थापन झालीं. महाराष्ट्राचें मंडळ २० जून १९६० रोजीं अस्तित्वांत आलें. ६ जून २००५ रोजीं त्याचें विभाजन होऊन निर्मिति, पारेषण व वितरण यांच्या निरनिराळ्या कंपन्या व त्यांवर एक सूत्रधारी कंपनी अशी रचना झाली. तो १९४८ चा कायदा २००३ च्या नव्या वीज कायद्यानें रद्द झाला. तथापि त्यांतील एक तरतूद आपल्या विषयापुरती लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मंडळाचा एखादा सभासद आजारामुळें किंवा अन्य कारणानें तात्पुरता काम करूं शकत नसेल, तर त्याच्या जागीं काम पाहण्यास दुसऱ्या माणसाची नेमणूक करण्याचा अधिकार त्यांत सरकारला दिला होता. खुर्ची रिकामी राहिली तर त्या खुर्चीमागें उभ्या असलेल्या लोकांचा आवाजच सभेंत पोंचत नाहीं, हें त्या कायद्यानें ओळखलें होतें.

आतां दुसऱ्याच्या जागीं बसण्याचेहि अनेक प्रकार आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले म्हणजे घोटाळा होतो. कंपनीच्या भागधारकाला वार्षिक सभेस जातां आलें नाहीं तर तो आपला मुखत्यार पाठवूं शकतो. पण २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें त्या मुखत्याराला सभेंत बोलण्याचा हक्क नाहीं. तो केवळ मतमोजणीच्या वेळीं मत टाकतो. संचालकांच्या बैठकीस असा मुखत्यार मुळींच चालत नाहीं. तेथें संचालक निदान तीन महिने भारताबाहेर असेल तर मंडळ पर्यायी संचालक नेमूं शकतें. हा पर्यायी संचालक बोलतो, मत देतो, जबाबदारीहि घेतो. आणि मूळ संचालक देशांत परत आला कीं त्याची जागा आपोआप संपते. उलट सहकारी संस्थांत, म्हणजे आपणांपैकीं पुष्कळजण ज्या गृहनिर्माण संस्थांत राहतात तेथें, एका सभासदाला एकच मत आणि तें त्यानें जातीनें द्यावयाचें, मुखत्यारामार्फत नव्हे, असा सामान्य नियम आहे.

या बाबतींत सर्वांत स्वच्छ नियम मला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या घटनेंत आढळला. १९४४ च्या जुलैमध्यें अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स येथें चव्वेचाळीस राष्ट्रांची परिषद भरली. भारतातर्फे गेलेल्या मंडळींत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपले चिंतामणराव देशमुख, हे होते. त्या परिषदेंतून जी संस्था निर्माण झाली तिच्या घटनेप्रमाणें प्रत्येक राष्ट्राचा एक गव्हर्नर व एक पर्यायी गव्हर्नर असतो, आणि मूळ गव्हर्नर गैरहजर असल्याखेरीज पर्यायी गव्हर्नरास मत देतां येत नाहीं. दैनंदिन कारभार पाहणाऱ्या संचालकांचे जे पर्यायी असतात, त्यांना मूळ संचालक हजर असतांनाहि बैठकींत भाग घेण्याची मुभा आहे. मत मात्र नाहीं. मला यांतील शहाणपण फार मोलाचें वाटतें. जो उद्यां एकटा बसणार आहे त्यानें आज दुसऱ्याशेजारीं बसून ऐकावें, म्हणजे उद्यां तो परका राहणार नाहीं.

हें शहाणपण मला मात्र उशिरां सुचलें. ती हकीकत आतां सांगतों.

मी मॅट्रिकपुढें शिकलों नाहीं. शिक्षकाची पदविका घेऊन चंद्रपूर जिल्ह्यांतील खेड्यांत मास्तरकी केली. सेवानिवृत्तीनंतर मोहर्लीस बिऱ्हाड केलें. परंतु त्यापूर्वीं कांहीं काळ, जेथें नोकरीचीं अखेरचीं वर्षें काढलीं, त्याच गांवीं राहत होतों. नदीकांठच्या विहिरींतून पाणी उपसून, तें शुद्ध करून नऊ गांवांना पुरविणारी एक प्रादेशिक नळयोजना त्या बाजूस होती. योजनेच्या समितीवर प्रत्येक गांवचा एक सभासद व एक पर्यायी सभासद असावा असा नियम होता. आमच्या गांवच्या सभासद एक शेतकरी बाई होत्या. शिक्षण चौथीपर्यंत, पण नळाची प्रत्येक तोटी आणि प्रत्येक गळती त्यांना तोंडपाठ. मला त्यांचा पर्यायी म्हणून निवडलें तें केवळ गुरुजींना लिहितां-वाचतां येतें म्हणून.

एका एप्रिल महिन्यांत बाईंना मुलीच्या बाळंतपणासाठीं नागपुरास जावें लागलें, आणि नेमकी त्याच आठवड्यांत समितीची बैठक आली. निघतांना त्यांनीं मजजवळ एक शाळकरी वही दिली व म्हणाल्या, "गुरुजी, पंप कवा सुरू झाला हे इचारू नका, आपल्या गावात पानी कवा आलं हे इचारा." मीं मान हलविली, वही पिशवींत टाकली, आणि खरें सांगावयाचें तर ती उघडूनहि पाहिली नाहीं. चौथी शिकलेल्या बाईच्या पेन्सिलीच्या आंकड्यांत मॅट्रिक झालेल्या मास्तरानें काय पाहावें, असा सूक्ष्म अहंकार त्यामागें होता, हें आज कबूल करावयास हवें.

बैठकींत विषय निघाला विजेच्या थकलेल्या देयकाचा. उपाय म्हणून असा ठराव आला, कीं पंप रोज आठ तास चालतो तो पावसाळ्यापर्यंत सहा तास चालवावा. कोणी तरी म्हणालें, "सर्वांचेंच पाव पाणी कमी होईल, थोडी कळ सोसूं." मीं मनाशीं हिशेब मांडला. आठांतून दोन गेले, राहिले सहा. पाव कपात, आणि ती सर्वांना सारखी. गणित बरोबर, न्यायहि बरोबर! मीं हात वर केला. ठराव एकमतानें मंजूर झाला.

श्रोतेहो, माझें गणित कोठें चुकलें तें पाहा. पंप सुरू झाल्याबरोबर पाणी शेवटच्या गांवास पोंचत नाहीं. प्रथम रिकामा नळ भरतो, मग जवळच्या गांवांच्या टाक्या भरूं लागतात, आणि दाब पुरेसा वाढल्यावर पाणी टोंकाकडे सरकतें. आमचें गांव नळाच्या अगदीं टोंकाला होतें. तेथें पाणी येण्यास पंप सुरू झाल्यापासून तीन तास लागत. म्हणजे आठ तासांपैकीं आम्हांला पाणी मिळे तें पांच तास. पंप सहा तास झाल्यावर तें राहिलें तीन तास. पांचाचे तीन झाले. कपात पाव नव्हे, शेंकडा चाळीस! आणि दाबहि नीट न बसल्यामुळें उंचावरच्या वस्तींत तर तेवढेंहि चढेना. बाईंच्या वहींत दुसरें तिसरें कांहीं नव्हतें. एका रकान्यांत पंप सुरू झाल्याची वेळ, दुसऱ्यांत आमच्या टाकींत पाणी पडल्याची वेळ. सबंध महिन्याची नोंद. ती वही पिशवींत माझ्या पायाशीं होती आणि मी हात वर करून बसलों होतों.

पुढचे पांच आठवडे त्या वरच्या वस्तींतील बायका पहांटेच्या अंधारांत गांवाबाहेरील जुन्या विहिरीवर जात होत्या. आमच्या या मुलखांत गांवाबाहेर म्हणजे रानाच्या कडेला, आणि रानाच्या कडेला म्हणजे वाघाच्या वाटेवर. पुरुष मंडळी काठ्या आणि विजेऱ्या घेऊन सोबत जात. कोणास इजा झाली नाहीं, हें त्या गांवाचें सुदैव. माझ्या घरासमोरून ती रांग जाई तेव्हां मी दार उघडीत नसें.

बाई परत आल्या. त्यांनीं एकच विचारलें, "वही पाहिली होती का, गुरुजी?" मीं नाहीं म्हणून सांगितलें. त्या पुढें कांहीं बोलल्या नाहींत. पुढल्या बैठकीस मात्र मला सोबत चलण्यास सांगितलें. मी त्यांच्या मागें बसलों. त्यांनीं वहींतील वेळा एकामागून एक वाचून दाखविल्या आणि मागणी केली ती अशी: पंप सहा तासच चालूं द्या, देयक वाढवूं नका, परंतु दिवसाआड पहिले दोन तास वरच्या गांवांचे व्हॉल्व्ह बंद ठेवा, म्हणजे पाणी आधीं टोंकाला जाईल. पंधरा मिनिटांत ठराव बदलला. पैसा एकहि अधिक लागला नाहीं. जें मला मुळीं दिसलेंच नव्हतें, तें मांडल्याबरोबर इतर आठ गांवांच्या सभासदांना पटलें. ते कांहीं दुष्ट नव्हते. आमच्या गांवची गोष्ट त्या सभेंत कोणी सांगितलीच नव्हती, आणि ती सांगण्यासाठींच मला तेथें बसविलें होतें.

या अनुभवांतून जें शिकलों तें आतां क्रमानें सांगतों. बैठकीपूर्वीं मूळ सभासदाकडून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. त्यास काय हवें आहे, कां हवें आहे, आणि प्रसंग पडल्यास काय सोडतां येईल. यांतील दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. 'काय' तेवढें ठाऊक असलें तर आपण पोपटासारखें बोलूं. 'कां' ठाऊक असलें तर अनपेक्षित विषय निघाला तरी वाट सांपडते. विषयपत्रिका आणि मागील बैठकीचें इतिवृत्त आधीं वाचावें. आपल्या नेमणुकीचा कागद कार्यालयांत पोंचला आहे कीं नाहीं हेंहि पाहावें. नाहीं तर गणपूर्तींत आपली गणना होईल कीं नाहीं यावरच वाद होतो आणि दिलेलें मत संशयांत सांपडतें.

बैठकींत न समजलेली गोष्ट विचारण्याची लाज धरूं नये. मूळ सभासदास जें विचारण्यास कदाचित् संकोच वाटेल, तें पर्यायी सभासदास 'मी आज नवा आहें' एवढ्या प्रस्तावनेनें विचारतां येतें. नवेपणाचा हा एक फायदा आहे. विषयांत स्वतःचा कांहीं हितसंबंध असेल तर तो आधीं सांगावा आणि बाजूस व्हावें. आणि बैठक संपल्यावर त्याच दिवशीं, विसर पडण्यापूर्वीं, काय ठरलें, कोण काय बोललें, आपण कोणत्या बाजूस मत दिलें व कां, हें लिहून मूळ सभासदाच्या हातीं द्यावें. पर्यायी सभासदाचें काम घरीं परतल्यावर संपत नाहीं. तें त्या कागदानें संपतें.

आतां एक कठीण प्रश्न उरतो. मूळ सभासदानें एक सांगितलें आणि सभेंत ऐकलेल्या गोष्टींमुळें आपलें मत दुसरें झालें, तर काय करावें? १७७४ सालीं एडमंड बर्क यानें ब्रिस्टलच्या मतदारांपुढें असें प्रतिपादन केलें होतें, कीं प्रतिनिधीनें लोकांचा केवळ निरोप्या न होतां आपली विवेकबुद्धि वापरली पाहिजे. तें मूळ प्रतिनिधीस लागू असेल. परंतु पर्यायी सभासदास लोकांनीं निवडलेल्या माणसाच्या जागीं बसावयाचें असतें, म्हणून त्यानें थोडें अधिक जपून चालावें असें मला वाटतें. ज्या विषयाची आधींच चर्चा झाली आहे, त्यांत दिलेल्या सूचनेस चिकटून राहावें. अगदीं नवी माहिती पुढें आली तर विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब ठेवण्याची विनंती करावी. ती मान्य झाली नाहीं तर मनाशीं विचारावें, 'ही माहिती ऐकून मूळ सभासद येथें काय म्हणाले असते?' आणि तरीहि निर्णय होईना, तर दोन ठरावांपैकीं जो मागाहून दुरुस्त करतां येईल त्याच्या बाजूस झुकावें. पंपाचे तास पुन्हां बदलतां येतात. पुरलेली जलवाहिनी सहसा उकरतां येत नाहीं. शेवटीं, मन मुळींच मान्य करीत नसेल, तर भिन्न मत कारणासह इतिवृत्तांत नोंदवावें. मौन हा मात्र पर्याय नव्हे. सभेंतील मौन हें संमतीच्या रकान्यांत मोजलें जातें.

शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांस वाटेल, कीं खेड्यांतील नळाची ही गोष्ट आम्हांस कशाला? मी सध्यां जेथें राहतों त्या मोहर्लीजवळ इरई धरणाचा जलाशय पसरलेला आहे. एका बाजूस ताडोबाचें रान, दुसऱ्या बाजूस हें पाणी. चंद्रपूरचें औष्णिक वीजकेंद्र आणि चंद्रपूर शहर दोघेहि याच पाण्यावर अवलंबून आहेत. २०१० च्या उन्हाळ्यांत हा सांठा इतका आटला, कीं पाण्याअभावीं त्या वीजकेंद्रांतील संच बंद ठेवावे लागले. त्या केंद्राची आजची क्षमता २९२० मेगावॅट आहे आणि त्याची वीज राज्यभर दूरदूरच्या घरांत जाते. म्हणजे येथील पाण्याच्या वांटणीचा प्रश्न तेथील दिव्याचा प्रश्न असतो. राज्याच्या २००३ च्या जलनीतींत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग व मग शेती असा क्रम होता. २०११ सालीं तो बदलून शेतीला उद्योगाच्या आधीं स्थान मिळालें. असे क्रम वर ठरतात खरे, पण कोणत्या दिवशीं कोणता व्हॉल्व्ह किती वेळ उघडावयाचा हें कोठल्या तरी छोट्या खोलींत आठदहा माणसें बसून ठरवितात. शहरांतहि विजेच्या तक्रारींसाठीं २००३ च्या कायद्यान्वयें प्रत्येक वितरण कंपनीस ग्राहक तक्रार निवारण मंच स्थापावा लागतो. संस्थेच्या पाण्याच्या टाकीची समिति तर आपल्या इमारतींतच असते. अशा एखाद्या खोलींत आपणांसहि कधीं तरी दुसऱ्याच्या खुर्चीवर बसण्याचा प्रसंग येईल.

माझ्या विद्यार्थ्याचें दुसरें पत्र परवां आलें. मूळ सभासदांच्या घरीं जाऊन त्यानें गेल्या वर्षाचीं सर्व इतिवृत्तें वाचलीं, आणि आतां सुटीच्या दिवशीं सायकलवरून नळाच्या कडेनें शेवटच्या गांवापर्यंत जाऊन यावयाचें आहे, असें लिहितो. त्याला मीं एवढेंच कळविलें, कीं जातांना खिशांत एक वही असूं दे, आणि तेथील बायकांना पाणी किती वाजतां येतें तें विचारून तींत लिहून आण.